फॅट शून्य

"अण्णा, माझी म्हैस पाणी देती काय?"

फोन स्पीकरवर होता. प्रश्न डेअरीचे मालक असलेल्या अण्णांना होता, पण केबिनमध्ये उभे असलेले आम्ही तिघंही तो ऐकत होतो. पलीकडून शिरटेवाडीच्या दूध संकलन केंद्राचे बाळगोंडा नाना बोलत होते आणि त्यांच्या मागे बऱ्याच माणसांचा गलका चालला होता.

"नाना, जरा ऐकून घ्या," अण्णा म्हणाले.

"काय ऐकू? तुम्हीच ऐका. 'बाळगोंडा पाटील, दूध आठ लिटर, फॅट शून्य.' शून्य. बापाच्या काळापास्नं दूध घालतोय. आजवर कुणी म्हटलं न्हाई की पाटलाच्या दुधात पाणी हाय. आज तुमच्या मशीननं म्हटलं. निम्म्या गावाला म्हटलं. बायका दारात उभ्या राहून एकमेकींना विचारायला लागल्यात, तुझं शून्य का माझं शून्य."

"चूक झाली. लगेच दुरुस्त करतोय."

"कुणी केली?"

अण्णांनी फोन जरा लांब सरकवला.

"नाव सांगा अण्णा. नाव कळल्याबिगर आणि ते माणूस घरी बसल्याबिगर शिरटेवाडीचं दूध तुमच्या गाडीत चढणार न्हाई. संध्याकाळची गाडी पाठवूच नका. मी रानातनं मोकळा झालो की तिकडं येतोच."

फोन बंद झाला. खालच्या मजल्यावर दूध थंड करायच्या टाक्या घुंघुं करत होत्या, तेवढाच आवाज उरला. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि माझ्याकडे बघितलं.

"ऐकलंस? आता तू सांग. कुणी केलं?"

"अण्णा," मी म्हणाले, "नाव विचारायचं नाही असं आपलं ठरलं होतं."

ही गोष्ट माझी रेवा दहा महिन्यांची असतानाची. आता ती शाळेत जाते, दात पडलेत, आणि मी दूध डेअरीत नेमकं काय करते हे तिला अजून समजत नाही. तेव्हा तर मोठ्या माणसांनाही समजायचं नाही. जयसिंगपूरजवळच्या त्या डेअरीला आसपासच्या शंभरेक गावांतून दूध यायचं. प्रत्येक गावात वजनकाटा आणि फॅट मोजायचं मशीन. ते आकडे आमच्या वरच्या मजल्यावरच्या संगणकांकडे यायचे आणि तिथून ज्याचं दूध त्याच्या मोबाईलवर मेसेज जायचा. सकाळच्या दुधाचे मेसेज दुपारी एकदमच सुटायचे. तो सगळा कारभार चालवणारा प्रोग्राम लिहिणं, दुरुस्त करणं, हे आमचं काम.

मी बाळंतपणाची रजा संपवून परत आले तेव्हा तिथली रीत अशी होती: महिनाभर सगळ्यांनी आपापले बदल लिहून साठवायचे आणि एका शनिवारी संध्याकाळी ते सगळे एकदम चढवायचे. 'चढवायचे' हाच शब्द होता, देवाला हार चढवावा तसा. संगणकासमोर उदबत्ती लागायची, नारळ फुटायचा, आणि शेवटचं बटण दाबायचे उपाध्ये सर. दुसऱ्या कुणी दाबायचं नाही. उपाध्ये सरांना हातगुण आहे, असं अण्णांचं ठाम मत होतं आणि सरांनीही ते कधी नाकारलं नव्हतं. ते कंपनीत पहिल्या संगणकापासून होते.

हातगुण असूनही प्रोग्राम कोसळायचा. महिनाभराचं सगळं एकत्र चढवल्यावर बिघाड नेमका कशात आहे हे कुणाला कळणार? मग रविवारभर एकच शोध: कुणाच्या बदलानं झालं. कुणाचं तरी नाव निघायचं आणि पुढच्या आठवड्यात एक टेबल रिकामं दिसायचं. माझ्या शेजारचं टेबल असंच रिकामं झालं होतं.

परत आल्यावरच्या माझ्या पहिल्या शनिवारी मी घरी पोहोचले तेव्हा माझा कुर्ता दुधानं भिजून वाळला होता आणि रेवा बाटली झिडकारून, रडून रडून झोपली होती. दुधाच्या कंपनीत बसून मी माझ्या पोरीचं दूध वाया घालवलं होतं. मला राग आला. काळजी करायचा माझा स्वभावच आहे, पण त्या दिवशी काळजी बाजूला राहिली आणि नुसता राग आला.

सोमवारी मी अण्णांच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांना डेव्हऑप्सबद्दल सांगितलं.

"देवाप्पा?" अण्णा म्हणाले. "कुठला देवाप्पा? कुरुंदवाडचा?"

आमच्या भागात देवाप्पा नावाची माणसं गावागावात सापडतात, त्यामुळे ते नाव चिकटलं ते कायमचंच. मी फळ्यावर लिहून समजावलं. प्रोग्राम लिहिणारे आणि तो चालवणारे असे दोन गट नकोत, सगळे एकत्र. महिन्याचं ओझं एकदम चढवायचं नाही. छोटा बदल, तयार झाला की त्याच दिवशी, दुपारच्या उजेडात, सगळे जागेवर असताना. चढवण्याआधी यंत्रच तपासण्या करेल आणि सगळं हिरवं दिसलं तर कुणीही बटण दाबायचं. बिघडलं तर लगेच मागे घ्यायचं. आणि शेवटचं: बिघाड झाला तर कसं झालं ते शोधायचं, कुणी केलं ते विचारायचं नाही.

"यंत्राला हातगुण नसतो हो मॅडम," दारात उभे असलेले उपाध्ये सर म्हणाले होते.

"असू दे, बघू हिचा देवाप्पा काय करतो," अण्णा हसत म्हणाले होते. दोन-तीन महिने देवाप्पानं चांगलं केलं. शनिवार सुटला. नारळवाला एकदा विचारूनही गेला, साहेब बंद केलं काय.

आणि मग ही दुपार.

"ठरलं होतं, पण तेव्हा माझ्या एका गावाचं दूध बंद होत नव्हतं," अण्णा म्हणाले. "ते फळ्यावरचं ठीक आहे गं. नाना फळ्यावर नाही राहत. त्याला नाव पाहिजे."

"नाव देऊन काय होईल?"

"ते माणूस जाईल आणि दूध येईल. आणखी काय व्हायला पाहिजे?"

माझ्या एका बाजूला उपाध्ये सर उभे होते, हाताची घडी घालून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. दुसऱ्या बाजूला निलोफर. निलोफर शिकलगार आमच्याकडे नवी होती. मेसेजमधले आकडे मराठीत करायचा बदल तिनं लिहिला होता. तपासण्या सकाळीच हिरव्या झाल्या होत्या आणि जेवण झाल्यावर सगळे मिळून बटण दाबू, असं आम्ही म्हटलं होतं. पण जेवणाच्या सुट्टीतच, खोलीत कुणी नसताना, कोपऱ्यातल्या, सगळेच वापरतात त्या संगणकावर कुणीतरी बटण दाबलं. मेसेज सुटायला लागले, शून्य घेऊन. यादीतल्या पहिल्या गावात, शिरटेवाडीत, निम्म्या लोकांना गेल्यावर गच्चीवरून खाली आलेल्या निलोफरच्याच ते लक्षात आलं आणि तिनं बदल मागे घेतला. डब्यातली भाजी गार व्हायच्या आत. पूर्वी हेच सोमवारपर्यंत चाललं असतं.

बटण कुणी दाबलं ते मी पाहिलं होतं. स्टोअररूममध्ये दार लावून मी रेवासाठी दूध काढून ठेवायचे. ते काम उरकून, डबी पिशवीत लपवून बाहेर पडताना मला काचेतून तो माणूस कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेला दिसला होता. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि एका बोटानं बटण दाबलं. नाव एवढ्यात सांगत नाही, कारण त्या केबिनमध्येही मी सांगितलं नाही.

"ही शिकलगारच असणार," अण्णा म्हणाले. "तिनंच लिहिलंय ना ते? दाबलंही तिनंच असणार घाईनं."

निलोफरनं मान खाली घातली. ती जेवायला गच्चीवर होती, पण गच्चीवर होते असं म्हटलं की मग खाली कोण होतं हा प्रश्न आला असता. तिला ते कळत होतं, का ती नुसतीच घाबरली होती, मला सांगता येणार नाही.

"अण्णा, मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही," मी म्हणाले. "एकेकाला नाही म्हणत गेलं की शेवटी नावच उरतं."

"मग तू दाबलंस?"

"तेही सांगणार नाही."

"केतकी, मी तुला पोरीसारखं वागवलंय."

"म्हणूनच सांगते. तुम्हाला नाव पाहिजे ना? चार आहेत. बदल लिहिला तिचं. तपासण्या मी बसवल्या, माझं. बटण ज्या कुणी दाबलं त्याचं. आणि आकडे मराठीत करा, शेतकऱ्याला इंग्रजी आकडे कशाला, असं ज्यांनी सांगितलं त्यांचं. यातलं कुठलं देऊ नानांना?"

उपाध्ये सरांनी कॅलेंडरवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. अण्णांचा चेहरा लाल झाला.

"तोंड फार चालतं तुझं. नाना येईपर्यंत वेळ आहे. एक नाव. नाही दिलंस तर उद्यापासून तुझा देवाप्पा बंद, शनिवारचं परत चालू, आणि तू घरी बस तुझ्या लेकीपाशी. तुलाही तेच पाहिजे असेल."

मला ते लागलं. पगार माझाच घरात मोठा होता तेव्हा. सुदर्शनचं, माझ्या नवऱ्याचं, दुकान नवीन होतं. आणि शनिवार परत आला असता तर नोकरी राहूनही मी घरी बसल्यासारखीच झाले असते, कारण तसली नोकरी मी केली नसती. पण देण्यासारखं उत्तर देऊन झालं होतं.

बाहेर येऊन कोपऱ्यातल्या संगणकासमोर बसले. बिघाड मागे घेतला होता, पण शून्य आलं कुठून ते कळलं नव्हतं. माझ्या तपासण्या हिरव्या होत्या आणि मेसेज चुकीचे होते. दोन्ही एकदम खरं कसं असेल?

निलोफर शेजारी खुर्ची ओढून बसली. हळूच म्हणाली, "ताई, माझं नाव सांगून टाका. मी नवीन आहे. दुसरीकडे कुठंतरी लागेन. तुम्हाला बाळ आहे."

"तू दाबलंस का?"

"नाही."

"मग?"

"पण लिहिलं मीच ना."

"निलोफर, तू नाव दिलंस की शोधायचंच थांबेल सगळ्यांचं. शून्य तिथंच राहील. पुढच्या वेळी दुसऱ्या गावाला जाईल."

तिला पटलं नाही, हे दिसत होतं. फोन वाजला, सासूबाई. रेवानं भात खाल्ला, आता झोपली, आणि हो, पायरीवरून घसरली होती, गुडघा थोडा खरचटलाय, हळद लावली. मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि निलोफरला सांगितलं, कारण मला ते कुणाला तरी सांगायचंच होतं.

रेवा रांगायला लागली तेव्हा एकदा पलंगावरून पडली. सुदर्शन संध्याकाळी आला आणि त्यानं विचारलं, कुणाचं लक्ष नव्हतं? आवाज चढवला नव्हता, नुसतं विचारलं होतं. सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्यानंतर रेवा कधी पडलीच नाही. मला बरं वाटायचं. मग एका रविवारी मी तिचे मोजे काढले तर घोट्याला फोड. चहाच्या भांड्याचा चटका होता, चार दिवसांपूर्वीचा, आत पू धरलेला. सासूबाईंनी घरातल्या घरात तूप लावून मोज्यात झाकून ठेवला होता.

"वाईट बाई नाहीत त्या," मी म्हणाले. "रेवावर माझ्याइतकाच जीव आहे. पण त्यांना फोडापेक्षा तो प्रश्न जास्त भाजला होता. मी सुदर्शनला सांगितलं, तो प्रश्न या घरात परत विचारायचा नाही. आता बघ, खरचटलं तरी फोन येतो."

निलोफर उठली, पाणी घेऊन आली, आणि आम्ही दोघी परत तो बदल ओळीओळीनं वाचायला लागलो.

थोड्या वेळानं मागे कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. उपाध्ये सर होते.

"मॅडम, तुम्ही पाहिलंत," ते म्हणाले. "काचेपलीकडे होतात. मी तुमची ओढणी पाहिली."

निलोफरनं वळून त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हो," मी म्हणाले.

"मग आत बोलला का नाहीत? मी तुमच्या देवाप्पाला किती नावं ठेवली. तुम्हाला तर सोपं होतं."

"सोपं होतं. पण मग उद्यापासून नाव विचारणं सुरू झालं असतं, आणि सुरुवात मी केली असती."

ते बसले. आयुष्यभर सगळ्यांच्या समोर बटण दाबलेला माणूस, आणि खुर्चीच्या कडेला टेकून बसला होता.

"सगळे दाबतात, म्हटलं आपणही एकदा बघावं. तुमच्यासमोर दाबायची लाज वाटली. म्हणून कुणी नसताना..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग म्हणाले, "एक सांगायचंय. दाबण्याआधी मी तो चाचणीचा मोबाईल बघितला होता. त्यावर शून्य आलं होतं."

माझे हात कीबोर्डवर थांबले.

"टेस्ट पाटलाला?"

टेस्ट पाटील हा आमचा खोटा शेतकरी. गाव टेस्टवाडी, म्हशी एक. प्रत्येक बदल आधी त्याच्या नावावर चालवून बघायचा आणि त्याचा मेसेज टेबलावरच्या जुन्या मोबाईलवर यायचा.

"हो. फॅट शून्य असंच होतं. मला वाटलं, चाचणीत दूध कुठलं आलंय? दूध नाही तर फॅट शून्यच येणार. बरोबर आहे म्हटलं, आणि दाबलं."

"सर, टेस्ट पाटलाची म्हैस रोज सहा फॅटचं दूध देते," मी म्हणाले. "मीच लिहिलंय ते."

"खोट्या म्हशीला फॅट?"

"हो."

"मला कुणी सांगितलं नाही."

नव्हतंच सांगितलं. मेसेज गेला का, एवढंच माझी तपासणी बघत होती; त्यात काय लिहिलंय ते माणसानं बघायचं, असं मी गृहीत धरलं होतं. आणि ज्या माणसानं बघितलं त्याला खोट्या म्हशीची हकीकत माहीत नव्हती. निलोफर एव्हाना पडद्याला नाक लावून बसली होती.

"ताई, हे बघा. आपण आधी फॅटचा आकडा मराठीत करतोय, आणि मग त्याचा हिशेब करतोय. पुढच्या ओळीला मराठी सहा वाचताच येत नाही. वाचता आलं नाही की ती शून्य धरते."

"उलटं कर," मी म्हणाले. "आधी हिशेब, मराठी सगळ्यात शेवटी. आणि तपासणीत घाल, टेस्ट पाटलाच्या मेसेजात मराठी सहा दिसला नाही तर हिरवं होऊच द्यायचं नाही."

"आणि हे कुणालाच कळलं नसतं," उपाध्ये सर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "मी बोललो नसतो तर."

"तू दाबलंस?"

अण्णा दारात होते. कधीपासून, ते आम्हाला कळलं नाही. उपाध्ये सर उठून उभे राहिले.

"होय अण्णा."

"आणि शून्य बघून?"

"होय."

"आणि त्या केबिनमध्ये कॅलेंडर बघत उभा राहिलास. ही पोरगी माझ्या शिव्या खात होती, आणि ती दुसरी मान घालून..."

"इतकी वर्षं या ऑफिसात ज्यानं खरं सांगितलं त्याचं टेबल गेलं, अण्णा. मीच पाहिलंय. काही नावं तर मीच तुम्हाला दिलीत."

तेवढ्यात खाली मोटारसायकल थांबली. जिन्यात दणदण पावलं वाजली आणि बाळगोंडा नाना आत आले. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर टॉवेल, हातात मोबाईल असा धरलेला की जणू त्यातूनच शून्य खाली सांडेल.

"कोण ते?" त्यांनी विचारलं. आमच्या तिघांवरून त्यांची नजर फिरली. "यातलं कोण?"

अण्णांनी उपाध्ये सरांकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले. मी उठले आणि दोघांच्या मध्ये उभी राहिले.

"नाना, नाव मिळणार नाही," मी म्हणाले. "कसं झालं ते मिळेल. बसा."

"अण्णा, ही बाई मालक हाय काय हितली?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं.

"या खोलीत आहे," ते म्हणाले. "बसा नाना."

नाना बसले नाहीत, पण ऐकून घेतलं. मी फळ्यावर लिहीत सगळं सांगितलं: मराठी आकडे, उलटी ओळ, खोटी म्हैस. खोट्या म्हशीपाशी त्यांनी थांबवून दोनदा विचारलं.

"म्हंजे आमच्यासाठी मराठी करायला गेला आणि आमचंच नाक कापलंसा. आता परत इंग्रजी करणार?"

"नाही. मराठीतच जाणार. आत्ताच, तुमच्यासमोर. सकाळचाच मेसेज, बरोबर आकड्यांचा, वर एक ओळ: मघाचा मेसेज चुकीचा होता, चूक डेअरीची, तुमच्या दुधाची नाही."

एव्हाना दुरुस्ती उरकलेल्या निलोफरनं मान हलवली. पडदा हिरवा झाला होता. टेबलावरचा जुना मोबाईल थरथरला. टेस्ट पाटलाला सहा फॅट लागली होती. मी खुर्ची अण्णांच्या बाजूला वळवली.

"दाबा."

"मी?"

"कुणीही दाबायचं असं आहे ना. तुम्ही दाबा."

"उपाध्येला दाबू दे."

"नको. तुम्हीच."

अण्णा बसले. बोट पुढे केलं आणि तिथंच थांबवलं. नाना त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. उपाध्ये सर बघत होते. निलोफर बघत होती.

"परत शून्य गेलं तर?" ते हळू आवाजात म्हणाले. मलाच विचारलं होतं, पण नानांना ऐकू गेलं.

"तर सगळे म्हणतील अण्णांनी केलं," मी म्हणाले. "तेवढीच भीती आहे ना? ती आम्हाला रोज असते. दाबा."

त्यांनी दाबलं.

मग नानांच्या हातातला मोबाईल वाजला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, मोबाईल लांब धरला, जवळ आणला आणि वाचलं, पहिल्यांदा मनात, मग मोठ्यानं. "दूध ८ लिटर. फॅट ६.८."

"बरोबर आहे?" अण्णांनी विचारलं.

"सातच्या खाली कधी आली न्हाई माझी म्हैस," नाना म्हणाले.

"ते तिला विचारा नाना," मी म्हणाले. "आमच्याकडं जेवढं आलं तेवढं लिहिलंय."

ते माझ्याकडे रोखून बघत राहिले. मग मोबाईल कानाला लावला आणि गावात कुणाला तरी सांगितलं, गाडी येतीय, दूध घालून घ्या. जाताना उपाध्ये सरांच्या खांद्यावर त्यांनी टॉवेल झटकल्यासारखं केलं. सरांना पाहून त्यांनी ओळखलं होतं की काय, कोण जाणे. विचारलं मात्र नाही.

घड्याळात पाच वाजत आले होते. मी संगणक निलोफरला दिला आणि पिशवी उचलली.

"कुठं निघालीस?" अण्णा म्हणाले. "अजून बोलायचंय. याचं काय करायचं ते ठरवायचंय."

"काय करायचं ते झालं. तपासणीत नवी ओळ गेली. बाकीचं कसं झालं ते फळ्यावर लिहून ठेवलंय."

"मी उपाध्येचं म्हणतोय."

"फळ्यावर कुणाचंच नाव नाही अण्णा. कुणी लिहिलं तर मी उद्या येणार नाही. मला घरी बसायची धमकी तुम्ही दिलीत, आता ती माझ्याकडेही आहे."

उपाध्ये सरांनी दार उघडून धरलं. मी जिना उतरले.

खाली अंगणात लख्ख ऊन होतं. फाटकापाशी शिरटेवाडीला जाणारी गाडी उभी होती, रिकाम्या कॅन भरून, दुपारपासून अडवून ठेवलेली. ड्रायव्हरला वरून कुणीतरी हात केला असावा, कारण त्यानं इंजिन चालू केलं आणि सुटायच्या घाईत हॉर्न वाजवायला लागला. फाटक एकाच वेळी एकालाच पुरेल इतकं अरुंद होतं. एरवी मी बाजूला झाले असते.

मी चालत राहिले. त्यानं ब्रेक दाबला, कॅन एकमेकांवर खणखणल्या, आणि मी त्याच्या आधी बाहेर पडले.